दोन काठ, तीन रंग

ढाणकीहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात पैनगंगा लागते. आज या नदीचे महत्त्व एवढेच, की अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा, अलीकडे यवतमाळ जिल्हा आणि पलीकडे नांदेड. एस. टी.तल्या प्रवाशाला पूल केव्हा मागे पडला हेही कळत नाही. सोयरिकी दोन्ही काठांवर आहेत, बाजारहाट दोन्हीकडचा आहे. काळी माती तीच, कापूस तोच, भाषाही तीच. पण १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी ही नदी दोन झेंड्यांच्या मधून वाहत होती. अलीकडच्या काठावर तिरंगा फडकवणे हा उत्सव होता आणि पलीकडच्या काठावर तोच गुन्हा होता.

पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि संस्थानाचा झेंडा पिवळा होता. त्याच १५ ऑगस्टला हैदराबाद शहरात स्वामी रामानंद तीर्थांनी तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने मराठवाड्यातल्या गावोगावी हेच चालले. कोणी रातोरात झेंडा लावायचा, सकाळी पोलिसांनी किंवा रझाकारांनी तो उतरवायचा आणि ज्याच्यावर संशय त्याला फरफटत न्यायचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद शरण आले तेव्हा कुठे दोन्ही काठांवर एकच झेंडा आला.

माझी आजी त्या काठची. ती सांगे, की तिच्या माहेरी त्या वर्षी केशरी, पांढरे आणि हिरवे कापड एकाच वेळी विकत घ्यायची सोय नव्हती. केशरी एका दुकानातून, हिरवे दुसऱ्या बाजाराला आणि पांढरे घरच्या धोतराचे. तीन कापडे वेगवेगळी पेटीत पडून असली तर कोणाची हरकत नव्हती. त्यांना टाका घातला, की ती बंडखोरी. लहानपणी मला या गोष्टीची नुसती गंमत वाटायची. पुढे आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, रंगांत हात बुडवले आणि मग तिच्यातला प्रश्न उमगला. रंगात असे असते तरी काय, की त्याच्यासाठी माणसे तुरुंगात जावीत?

पिवळ्याची गोष्ट

निजामाच्या पिवळ्या झेंड्याच्या मध्यावर एक पांढरे वर्तुळ होते. ते वर्तुळ म्हणजे कुलचा, अर्थात रोटी. दंतकथा अशी, की पहिला निजाम, मीर कमरुद्दीन, दख्खनला येताना निजामुद्दीन औलिया औरंगाबादी या सूफी संताच्या दर्शनाला गेला. संताने त्याला पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे खायला दिले. भुकेल्या पाहुण्याने सात खाल्ले, आणि संताने आशीर्वाद दिला, की तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. त्या फडक्याचा रंग झेंड्यावर आला आणि रोटी मध्यभागी बसली. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवू. रंगाला अर्थ कसा चिकटतो याचा याहून सोपा नमुना मिळणार नाही. आधी फडके असते. मग गोष्ट येते. मग गोष्टीच्या मागे सत्ता येते आणि फडक्याला सलाम करावा लागतो.

हा पिवळा आमच्या काठालाही परका नव्हता, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. वऱ्हाड मूळचे निजामाचेच. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली. १९३६ च्या करारात निजामाचा मान म्हणून त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि वऱ्हाडात इंग्रजांच्या झेंड्याबरोबर निजामाचाही झेंडा लावायचा, असे ठरले. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीने सरकारी कचेरीवर युनियन जॅक आणि असफजाही पिवळा असे दोन झेंडे शेजारी शेजारी पाहिले आणि दोन्ही आपले मानले नाहीत.

आता याच पिवळ्याला आमच्या घरात काय स्थान आहे ते पाहा. आमच्या भागात हळद पिकते. लग्नात नवऱ्यामुलाला हळद लागते, खंडोबाचा भंडारा पिवळा, धनगरवाड्यावरचा झेंडा पिवळा. त्या काळी पैनगंगेपलीकडच्या शेतकऱ्याच्या अंगणात वाळत घातलेली हळद आणि चावडीवरचा झेंडा एकाच रंगाचे होते. एक मंगल होता आणि दुसरा जाच होता. डोळ्यांना यातला फरक दिसत नाही, कारण तो फरक रंगात नसतोच. तो रंग कोणी लावला, कोणाला विचारून लावला आणि त्याच्या सावलीत आपल्याला उभे राहू दिले की नाही, यात असतो.

हिशेबाचे रंग

तिरंग्याचे रंगही आकाशातून पडलेले नाहीत. त्यांचा इतिहास भांडणाचा आहे, तडजोडीचा आहे आणि म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे भरलेल्या समाजवादी परिषदेत मादाम कामांनी जो झेंडा फडकवला तो हिरवा, पिवळसर केशरी आणि लाल असा होता. हिरवा वर होता. मधल्या पट्टीवर ‘वंदे मातरम्’ अशी देवनागरी अक्षरे होती. तो झेंडा पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयाने जपून ठेवला आहे. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

नंतर १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगळी वेंकय्या या आंध्रच्या गृहस्थाने गांधीजींपुढे झेंड्याचा नमुना ठेवला. त्यात दोनच रंग होते. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. गांधीजींनी इतर सर्वांसाठी पांढरा पट्टा घालायला सांगितला. मध्ये चरखा आला. हेतू ऐक्याचा होता, पण पद्धत वाटणीची होती. घरातल्या भावांची नावे सातबाऱ्यावर चढवावीत तशी. आणि सातबारा म्हटला, की खातेफोडीचा अर्ज आलाच! शिखांनी विचारले, आमचा रंग कुठे? त्यांचा प्रश्न रास्त होता. झेंडा म्हणजे जमातींची यादी असेल तर यादीत आपले नाव नको का?

तरीही त्या हिशेबी झेंड्यासाठी लोकांनी तुरुंग भरले, हे आपल्या विदर्भाने पाहिले आहे. १९२३ साली नागपूरला झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जाण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे झाले आणि पकडले गेले. विनोबाही तुरुंगात गेले. नंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यातून सत्याग्रही येत राहिले, हजाराहून अधिक तुरुंगात गेले, आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्या मनाई केलेल्या रस्त्याने गेली. त्या माणसांच्या हातातल्या काठीवर लाल, हिरवा, पांढरा असे तिन्ही रंग होते. आपल्या वाट्याचा पट्टा तेवढा घेऊन कोणी चालले नव्हते.

तरी खातेफोडीचा प्रश्न उरलाच. म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत सरदार पटेल, मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि साताऱ्यात जन्मलेले आपले काका कालेलकर होते. या समितीने काय सुचवावे? संपूर्ण केशरी झेंडा, कोपऱ्यात चरखा! आझाद आणि तारासिंग ज्या समितीत बसले होते तिने असे सुचवले, कारण वाटणीच्या भांडणातून सुटायचे तर एकच रंग बरा, असे तिला वाटले. त्या वेळी केशरी हा रंग कोणा एकाचा समजला जात नव्हता, असा याचा अर्थ. आज ही हकीकत सांगितली की ऐकणारा चमकतो. त्याचे चमकणे हेच मधल्या वर्षांत रंगांचे आपण काय करून ठेवले त्याचे मोजमाप आहे.

काँग्रेसच्या महासमितीने ती सूचना मानली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला ठरले ते असे: पट्टे तीनच राहतील, लालाच्या जागी केशरी येईल, तो वर जाईल, पांढरा मध्ये आणि हिरवा खाली. आणि मुख्य गोष्ट ही, की रंगांना जमातींचा अर्थ राहणार नाही. केशरी धैर्य आणि त्याग, पांढरा सत्य आणि शांती, हिरवा श्रद्धा आणि शौर्य. दहा वर्षांपूर्वी जे रंग माणसांच्या गटांची नावे होते ते आता गुणांची नावे झाले. कापड जवळजवळ तेच राहिले, त्याचा अर्थ मात्र मुळापासून बदलला. माझ्या मते आपल्या झेंड्याचा खरा जन्म हा आहे.

ठरावात न लिहिलेले

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वजाचा ठराव मंजूर केला. तो ठराव शांतपणे वाचण्यासारखा आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान रुंदीचे आडवे पट्टे, मध्ये चरख्याचे प्रतीक म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र, निळ्या रंगात, आणि रुंदी-लांबीचे प्रमाण दोनास तीन. इंग्रजी ठरावात ‘केसरी’ हा आपला शब्द कंसात तसाच घातला आहे. पण रंगांचा अर्थ काय, याबद्दल ठरावात एक शब्द नाही. अर्थ भाषणांत आला. ठराव मांडताना नेहरूंनी या रंगांना जातीय अर्थ नसल्याचे स्पष्ट केले. डॉ. राधाकृष्णन यांनी केशरीत निरिच्छपणा, पांढऱ्यात सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरव्यात माती आणि वनस्पतींशी असलेले आपले नाते आणि चक्रात धर्माची गती पाहिली. कायद्याने रंग ठरवले. अर्थ सांगत राहण्याचे काम त्याने आपल्यावर सोडले.

हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नाही. वर्णभेदाचे राज्य संपले तेव्हा, २७ एप्रिल १९९४ रोजी, दक्षिण आफ्रिकेने नवा झेंडा उभारला. त्यात सहा रंग आहेत. कोणता रंग कोणाचा, असे विचारताच तिथल्या सरकारने सांगितले, की कोणत्याही रंगाला ठरावीक अर्थ जोडायचा नाही. त्या देशाने कातडीच्या रंगावरून माणसांची वाटणी करून पाहिली होती. झेंड्यावर पुन्हा वाटणी नको, एवढे शहाणपण त्यातून त्यांना आले होते.

आयर्लंडने उलट मार्ग धरला. तिथल्या तिरंग्यात हिरवा कॅथॉलिकांचा, नारिंगी प्रॉटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांतल्या तहाचा, असा अर्थ १८४८ पासून सांगितला जातो. कल्पना सुंदर आहे. पण उत्तर आयर्लंडमध्ये हिरवा आणि नारिंगी एकमेकांवर उगारले जात राहिले आणि १९९८ चा करार होईपर्यंत कित्येक वर्षे रक्त सांडले. पांढरा पट्टा कापडावर होता. माणसांच्या मध्ये तो घालायला दीडशे वर्षे लागली.

आणि एकच रंग घेतला तर? लिबियाने १९७७ साली नुसता हिरवा झेंडा घेतला, त्यावर दुसरी रेघही नव्हती. २०११ मध्ये गद्दाफीची सत्ता गेली आणि तो हिरवाही गेला. एका माणसाच्या मर्जीने आलेला रंग त्या माणसाबरोबर गेला.

वर्गातला प्रश्न

हे सारे पुस्तकी वाटेल, म्हणून वर्गातली एक गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. देशभर वातावरण तापलेले होते आणि त्याची धग खेड्यापर्यंत आली होती. सातवीच्या वर्गात मी झेंडा रंगवायला दिला होता. एका मुलाने सहज विचारले, “सर, वरचा पट्टा आमचा ना?” त्याच्या मनात वाईट काही नव्हते. घरात ऐकले ते त्याने विचारले. पण त्याच वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपली हिरव्या रंगाची बाटली हळूच जवळ ओढून घेतली आणि मान खाली घातली. मी ते पाहिले. बारा वर्षांचे पोर, आणि आपण झेंड्याच्या खालच्या बाजूला राहतो असे त्याला एका वाक्यात कळून चुकले होते.

भाषण देऊन काही साधले नसते. मी म्हणालो, “उद्या प्रत्येकाने घरून एक हिरवी वस्तू आणा रे.” दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेले. तुरीची पाने आली, मूग आले. एकीने आईच्या हिरव्या चुड्यातली बांगडी आणली आणि बजावले, “सर, फुटली तर आई मारेल.” एकाने ओटीचा हिरवा खण आणला, एकाने दर्ग्यावरच्या चादरीचा दोरा. एकाने तर नुसते वडाचे पान. मी वस्तू एकेक करून उचलत गेलो आणि विचारत गेलो, हा हिरवा कोणाचा? बांगडीपाशी मुली हसल्या. सुवासिनीच्या हातातला हिरवा आणि पिराच्या चादरीचा हिरवा एका टेबलावर एकमेकांना लागून होते. वर्गाला हिरव्याचा मालक सापडला नाही.

केशरीसाठी आम्ही दुसरा दिवस लावला नाही. फाल्गुनात आमच्याकडे पैनगंगेच्या जंगलात पळस फुलतो, तेव्हा सगळे रान केशरी होते. ती फुले उकळून धुळवडीचा रंग करायची रीत जुनी आहे आणि ती फुले वेचायला कोणत्या घरची पोरे जातात हे कोणी विचारत नाही. वारकऱ्याची पताका भगवी, संन्याशाची छाटी भगवी, शिवरायांचा झेंडा भगवा, हे मुलांना ठाऊक होते. चिश्ती-साबरी परंपरेतले फकीरही गेरूच्या रंगाची वस्त्रे वापरतात, हे मात्र त्यांना नवीन होते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मान वर केली ती तेव्हा.

मग एकाने विचारले, “सर, निळा?” हा प्रश्न आमच्या भागात यायचाच. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून बाबासाहेबांच्या चळवळीचा झेंडा निळा आहे. चौदा एप्रिलला आमची गावे निळी होतात. मी त्याला झेंड्याच्या मधोमध बोट ठेवायला सांगितले. सारनाथच्या स्तंभावरचे, बुद्धाच्या धम्मचक्राची आठवण देणारे ते चक्र निळेच आहे आणि ते तिन्ही पट्ट्यांत वर-खाली कुठे नाही, मध्ये आहे. पोरगे खूश झाले. वाटणीचा हिशेब मांडायचा नाही, हेच तर मी शिकवत होतो आणि लगेच त्याला वाटा दाखवला, असे कोणी म्हणेल. पण आपण कुठेच नाही असे ज्याला वाटते त्याला आधी जागा दाखवावी लागते. ही जागा सगळ्यांची आहे, हे त्यानंतरच सांगता येते.

गावात आज वर्षभर मिरवणुका निघतात. शिवजयंतीला भगवे, ईद-ए-मिलादला हिरवे, आंबेडकर जयंतीला निळे, अहिल्यादेवींच्या जयंतीला पिवळे. यात गैर काही नाही. ज्याला त्याला आपला रंग प्रिय असावा. चिंता वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्याच चौकात पंधरा ऑगस्टला तिरंगा वर जातो तेव्हा प्रत्येकाने त्यातला आपला पट्टा तेवढा शोधायचा, असे झाले तर आपण १९२१ च्या हिशेबाकडे परत जातो. १९३१ आणि १९४७ साली शहाण्या माणसांनी जे सोडवले ते आपण पुन्हा गुंतवतो. त्यासाठी झेंडा फाडावा लागत नाही. त्याच्याकडे तुकड्यातुकड्याने पाहिले तरी पुरते.

नांदेडचा टाका

आता पुन्हा पलीकडच्या काठाकडे जाऊ. जिथे १९४७ साली तिरंगा लावणे हा गुन्हा होता, त्या नांदेडला आज तिरंगा तयार होतो. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या मंडळींच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे हे काम. खादीचे कापड उदगीरला विणले जाते, अहमदाबादला रंगवले जाते आणि नांदेडला कापून, शिवून, चक्र छापून झेंडा तयार होतो. स्वातंत्र्यदिन, मुक्तिसंग्राम दिन आणि प्रजासत्ताक दिन यांच्या आधी तिथे उसंत नसते. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला असेच काम चालते. १९३१ च्या समितीतल्या हर्डीकरांचे गाव तेच.

झेंडा करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. स्वतंत्र भारताने वस्तूंची मानके ठरवायला घेतली, त्यात मानक क्रमांक एक राष्ट्रध्वजाचे आहे. ते १९५१ साली निघाले. आगपेटीपासून सिमेंटपर्यंत हजारो वस्तूंची मानके आली, ती सगळी त्याच्या मागून. केशरी म्हणजे नेमका कोणता केशरी, हिरवा म्हणजे कोणता हिरवा, हे त्यात आकड्यांनी बांधून दिले आहे. रंग उन्हात किती टिकावा याची कसोटी आहे. सर्वांत मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान १५० बाय १०० चा. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला या नेमकेपणाचे कौतुक आहे. आमच्या मुलांना केशर कुठून ठाऊक असणार? विदर्भातले पोर संत्र्याचा रंग लावते आणि त्याला केशरी म्हणते. भगवा, केशरी, नारिंगी, शेंदरी हे आपल्या भाषेत चार वेगळे शब्द आहेत आणि चार वेगळ्या छटा आहेत. एक गेरूतून आला, दुसरा केशरातून, तिसरा फळावरून, चौथा देवाच्या शेंदरातून. झेंड्यावर त्यातली एकच.

पूर्वी सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावता येत नसे. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि ती मुभा मिळाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकवणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे मान्य केले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने खादीबरोबर यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे झेंडेही चालू लागले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा गेला. खादीवाल्यांना याचे दुःख झाले आणि ते समजण्यासारखे आहे. पण कुडाच्या घरावर झेंडा पाहून मला बरेही वाटले. आजीच्या माहेरी ज्यासाठी तीन बाजार हिंडावे लागले, ते आता किराणा दुकानात मिळते. मात्र जे स्वस्तात मिळते ते स्वस्तात टाकलेही जाते. सोळा ऑगस्टला गटारीच्या कडेला पडलेले झेंडे उचलण्याचे काम कोणाला तरी करावे लागते. आमच्या शाळेतली मुले ते करत आणि त्यांना कोणी सांगावे लागत नसे. खराब झालेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, एकांतात सन्मानाने जाळायचा असतो, हे त्यांना माहीत होते.

कापड कसलेही असो, नांदेडच्या झेंड्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका पांढऱ्या कापडावर तीन रंग छापले, असा तो होत नाही. केशरी, पांढरा, हिरवा ही तीन वेगळी कापडे असतात. ती शेजारी ठेवून शिवावी लागतात. शिवण उसवली तर पट्टे पुन्हा सुटे होतात आणि सुट्या पट्ट्यांना कोणी सलाम करत नाही. आजीच्या पेटीतल्या तीन कापडांना पोलीस हरकत घेत नव्हते, ते याच कारणाने. त्यांना भीती होती ती टाक्याची.

तो टाका मशीनवर बसलेल्या नांदेडच्या बाया घालतात. अर्थाचा टाका घालणे मात्र आपल्याकडे आहे. १७ सप्टेंबरला पलीकडच्या काठावर शाळाशाळांतून तिरंगा वर जातो. आमच्या काठावर तो साधा दिवस असतो. या वर्षी त्या दिवशी आपल्या घरातल्या मुलांना एवढे विचारून पाहा, की झेंड्यातले रंग कशाचे आहेत. उत्तर धैर्य, सत्य, माती असे आले तर चिंता नाही. उत्तरात माणसांच्या गटांची नावे आली, तर रागावू नका. एक हिरवी बांगडी आणि पळसाचे एक फूल त्यांच्या हातात द्या, आणि हे रंग कोणाचे, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्या.